बिअरची बाटली ही प्रेशर व्हेसल आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात राहून घरी बिअर करणाऱ्या मराठी मुलामुलींवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करणारं किण्व) यांची माहिती लेखिकेने मन लावून गोळा केली आहे, आणि या विषयावर मराठीत इतकं सविस्तर लिहिलेलं सहसा मिळत नाही. पण बाटल्या भरण्याचा अख्खा टप्पा शेवटी एका वाक्यात आटोपला आहे. बुडबुडे थांबले की प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकावी, झाकण लावावं आणि दोन आठवडे वाट पाहावी, असं ते वाक्य. माझं पत्र त्या एका वाक्यापुरतंच आहे. ते वाचून कोणी बाटल्या भरल्या, तर त्याला किंवा तिला इजा होऊ शकते.

मी मूळचा सांगलीचा. शिक्षण तिथेच झालं. पुढे सगळी नोकरी बॉयलर आणि प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाब धरून ठेवणारी भांडी, तपासण्यात गेली, आधी पिंपरी-चिंचवडला आणि नंतर इंग्लंडमध्ये. आता डर्बीत निवृत्त आयुष्य चाललं आहे. इथून जवळच बर्टन-अपॉन-ट्रेंट आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे त्या गावाची पेल एल ही फिकट रंगाची बिअर एकोणिसाव्या शतकात जगभर गेली. या मुलखात घरी बिअर करणं ही साधी गोष्ट आहे. मीही करतो, आणि इथल्या मराठी मंडळातली तरुण मुलं शिकायला आमच्या स्वयंपाकघरात येतात.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला पूर्वी परवाना लागायचा. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. स्वतःसाठी करा, विकू नका, एवढंच बंधन राहिलं. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मुभा मिळाली. तिथे घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन अशी केंद्राची मर्यादा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं तिथे गुन्हा आहे, आणि त्यात बिअरही येते. लेखात हे यायला हवं होतं, कारण आपले बहुतेक वाचक महाराष्ट्रातच आहेत. माझं पुढचं सगळं लिहिणं जिथे परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी आहे.

आता बुडबुड्यांकडे येतो. आंबवण्याच्या बादलीच्या झाकणावर पाण्याचा एअरलॉक असतो. त्यातून बुडबुडे येणं थांबलं म्हणजे यीस्टचं काम संपलं, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. झाकण नीट बसलेलं नसेल तर वायू कडेने निघून जातो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून गप्प राहतो. खोली रात्री गार पडली तर यीस्ट सुस्तावतं, बुडबुडे थांबतात आणि साखर तशीच शिल्लक राहते. उलट काम संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे येत राहतात. थोडक्यात, बुडबुड्यांवरून आत किती साखर उरली हे कळत नाही. ते हायड्रोमीटरवरून कळतं. काचेची ही तरंगती नळी द्रवाची घनता पाण्याच्या किती पट आहे ते दाखवते; साखर जितकी जास्त, तितका आकडा मोठा. ती इथे अगदी थोड्या पैशांत मिळते. जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये बिअर करणाऱ्यांना ती वापरायला शिकवलं, आणि तेव्हापासून व्यवसायात तिच्यावाचून पान हलत नाही. नवशिके मात्र हीच वस्तू घ्यायचं टाळतात.

यीस्ट घालण्याआधी वाचन घ्या. साध्या किटच्या, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या तयार साहित्याच्या, बिअरचं ते १.०४० ते १.०४५ च्या आसपास असतं. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. १.०१० च्या जवळ आलं असेल तर दोन दिवस थांबा आणि परत बघा. आकडा जागचा हलला नसेल आणि किटवर दिलेल्या शेवटच्या आकड्याशी जुळत असेल, तरच बाटल्या काढा. नमुन्यात फेस असेल तर तो एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतून आधी वायू घालवा, नाहीतर बुडबुडे नळीला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सियसला जुळवलेले असतात, तेव्हा नमुना त्या तापमानाच्या आसपास असू द्या. आणि तो परत बादलीत ओतू नका.

आकडा १.०२० वर अडकला तर? आठवडाभर हलत नाही म्हणून लोक कंटाळून बाटल्या भरतात. इथे मला माझ्या नोकरीची भाषा वापरू द्या. घनतेचा ०.००१ एवढा फरक आंबला की बिअरच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १.०२० वर बाटली बंद केली आणि यीस्ट पुढे कपाटाच्या उबेत जागं होऊन १.०१० पर्यंत गेलं, तर लिटरमागे पाच लिटर जादा वायू. त्यात मुद्दाम घातलेल्या साखरेचा आणि आधी विरघळलेला मिळून सव्वादोन-अडीच लिटर. खोलीच्या तापमानाला आतला दाब सात बारच्या पुढे जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). नेहमीच्या बिअरला दोन बारच्या आसपासचा दाब पुरतो, आणि साधी बाटली त्याच हिशेबाने केलेली असते. शँपेनच्या जाड बाटलीतसुद्धा दाब पाच-सहा बारचा असतो.

पोलाद फुटण्याआधी सूचना देतं. ते फुगतं, ताणलं जातं, वेल्डिंगपाशी पाझरतं. तपासनीसाला तेवढ्यावरून कळतं. काच तसं काही करत नाही. ती शेवटच्या क्षणापर्यंत जशीच्या तशी दिसते आणि मग एकदम जाते. तिची ताकद पृष्ठभागावरच्या बारीक चऱ्यांवर ठरते, त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एक टिकते आणि दुसरी टिकत नाही. बॉयलरची चाचणी आम्ही हवेने न करता पाण्याने करतो, कारण पाणी दाबात फारशी ऊर्जा साठवत नाही. भांडं तडकलं तर पाणी गळतं आणि विषय संपतो. बाटलीत वायू असतो, आणि फुटताक्षणी द्रवातून आणखी वायू सुटतो. म्हणून तुकडे उडतात. बॉयलरला निदान सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, बाटलीला तोही नाही. लेस्टरला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मुलाने गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात बाटल्या ठेवल्या होत्या. एक फुटली, तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटल्या, आणि कपाटाच्या लाकडी दारात काचा रुतून बसल्या. त्या वेळी घरात कोणी नव्हतं. दार उघडायला कोणी पुढे झालं असतं तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे गोटी सोड्याची बाटली ज्यांनी हातात धरली असेल, त्यांना तिचं वजन आठवत असेल. ती बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली. आतला वायू गोटीला वर रेटून तोंड बंद ठेवतो, आणि तो दाब सोसायला काच इतकी जाड लागते. बाटली निवडताना तो जाडपणा डोळ्यांपुढे ठेवा. जॅमच्या बरण्या, साध्या वाइनच्या बाटल्या, शोभेच्या चौकोनी बाटल्या या कामाच्या नाहीत. चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्यांवर क्राउन कॅप, म्हणजे दातेरी कडांचं पत्र्याचं झाकण, नीट बसत नाही. पाचशे मिलिलिटरच्या तपकिरी, क्राउन कॅप लागणाऱ्या बिअरच्या बाटल्या गोळा करा. प्रत्येकीच्या तोंडावरून बोट फिरवा, उजेडात धरून बघा, चरा किंवा टवका दिसला तर सरळ काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. तपकिरी रंगाला कारण आहे. हॉप्समधले कडू घटक उजेडात तुटतात आणि त्यातून गंधकाचं एक उग्र वासाचं संयुग तयार होतं. पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात थोडा वेळ राहिली तरी तो वास येतो.

अगदी पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी काचेऐवजी बिअरसाठी मिळणाऱ्या तपकिरी प्लास्टिकच्या पीईटी बाटल्या घ्यायला सांगतो. प्लास्टिक दाबून बघता येतं. काचच वापरायची असेल तरी त्याच बिअरची एक बाटली प्लास्टिकची भरावी आणि काचेच्या बाटल्यांशेजारी ठेवावी. ती हाताला टणक लागली म्हणजे वायू तयार झाला. ती फुगून तळाशी गोल होऊ लागली, तर काचेच्या बाटल्यांतही तेच चाललं आहे. एक प्लास्टिकची बाटली तुमचा प्रेशर गेज होते. ही युक्ती लेखात असती तर मला हे पत्र लिहायची गरज वाटली नसती.

आता चमचाभर साखर. चमचा सपाट की शिगोशीग? सपाट चमच्यात चारेक ग्रॅम साखर बसते, शीग लावली तर सहा-सात. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तीन ग्रॅम पुरते. म्हणजे शिगेच्या चमच्याने दुप्पट साखर जाते आणि वायू साध्या बाटलीला झेपणाऱ्या मर्यादेच्या बाहेर जातो. शिवाय प्रत्येक बाटलीत हात वेगळा पडतो. म्हणून साखर वजनावर घ्या आणि सगळ्या बिअरला एकदम द्या. वीस लिटर बिअर २० अंशांना आंबली असेल, तर इंग्लिश बिटरसारख्या कमी फेसाच्या बिअरला साधी साखर ८० ते ९० ग्रॅम आणि पेल एलला ११० ते १२० ग्रॅम लागते. बादलीत प्रत्यक्ष अठरा लिटर उरली असेल तर साखर त्याच प्रमाणात कमी करा. तळाचा गाळ मोजू नका. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा याला पुरतो.

ती साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करा. दुसऱ्या स्वच्छ बादलीत हा पाक आधी ओता आणि त्यावर नळीने बिअर सोडा. नळीचं टोक बादलीच्या तळाशी, कडेला लागून असू द्या, म्हणजे बिअर गोल फिरत चढते आणि पाक मिसळतो. शेवटी निर्जंतुक केलेल्या चमच्याने हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवा. जोरात ढवळू नका, वरून ओतू नका. आंबवून झालेल्या बिअरमध्ये हवा गेली की तिला काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि ती घालवायला काही उपाय नाही. पाक नीट मिसळला नाही, तर काही बाटल्या मचूळ निघतात आणि काही उघडताच छताला लागतात.

नळी तोंडाने ओढून सुरू करू नका. बिअर उष्टी करायची नाही एवढं साधं आहे ते. आपल्या तोंडातले जिवाणू बिअरला नासवू शकतात. हाताने चालणारा ऑटो-सायफन घ्या. बाटल्या भरायला टोकाला स्प्रिंगचा झडप असलेली काडी मिळते. तळाला टेकवली की बिअर वाहते, उचलली की थांबते. बाटली काठोकाठ भरा आणि काडी बाहेर काढा. काडीने व्यापलेली जागा मोकळी होते आणि वर दोन-तीन सेंटिमीटर रिकामी राहते. तेवढीच हवी.

स्वच्छतेबद्दल आपल्या घरांत वेगळं सांगावं लागत नाही असं मला वाटायचं, पण इथे दोन कामं वेगळी आहेत. आधी घासून मळ काढायचा, मग निर्जंतुक करायचं. आत बुरशीचा वाळका थर असताना वरून कितीही द्रावण ओतलं तरी त्याखालचे जंतू जगतात. निर्जंतुक करायला नंतर धुवावं लागत नाही असं द्रावण बिअरच्या सामानाच्या दुकानात मिळतं, तेच घ्या. कपड्यांच्या ब्लीचचा अंश राहिला तर मॉल्टमधल्या फेनॉलशी त्याचा संयोग होऊन औषधाचा वास येतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बाटली रिकामी केल्याबरोबर गरम पाण्याने खळखळून ठेवण्याची सवय लावली की पुढचं निम्मं काम वाचतं.

अस्वच्छतेचा प्रश्न चवीवरच थांबत नाही, दाबापर्यंत जातो. काही रानटी यीस्ट, आणि आपल्याच ब्रूइंग यीस्टचा डायस्टॅटिकस नावाचा भाऊबंद, नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या शर्करासुद्धा हळूहळू खातात. बिअर १.०१० वर थांबली म्हणून आपण निर्धास्त होतो आणि बाटलीत ती १.००४ कडे निघते. दोन महिन्यांपूर्वी ठीक उघडलेली बिअर आता कारंज्यासारखी उडू लागली, तर हा संशय घ्या आणि उरलेल्या बाटल्यांची वाट पाहू नका.

आता खास आपल्या लोकांसाठी. इथल्या भारतीय दुकानांत हापूस आणि केशरच्या रसाचे डबे मिळतात, आणि आंब्याची बिअर करण्याचा मोह मराठी माणसाला होतोच. जरूर करा, छान होते. पण रस घालायचा तो बादलीत, आणि नंतर पुन्हा हायड्रोमीटर स्थिर होईपर्यंत थांबायचं. बाटल्या भरताना रस घातला तर ती सगळी साखर बंद बाटलीत आंबते. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीने मला फोनवर अगदी हाच बेत सांगितला, आणि मी तिला शब्दशः गाडी काढून थांबवायला गेलो. गुळाचंही तसंच. मी सांगलीचा, गुळाचं प्रेम मला सांगायला नको. त्याने बिअरला सुरेख खमंगपणा येतो. पण गुळातलं साखरेचं आणि ओलाव्याचं प्रमाण ढेपेगणिक बदलतं. तो मूळ बिअरमध्ये घाला. बाटलीतला दाब ठरवायला साधी पांढरी साखरच बरी, कारण तिचा हिशेब पक्का आहे.

झाकणाला बाटलीच्या तोंडावर सरळ दाबलं जाईल असा उभा कॅपर मिळतो, तो हातात धरायच्या दोन दांड्यांच्या कॅपरपेक्षा सुरक्षित आहे. दोन दांड्यांचा जुन्या बाटलीची मान चेपतो आणि तोडतोही. घाई असेल तिथे हातमोजे घाला. भरलेल्या बाटल्या झाकण असलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात उभ्या ठेवा, वरून जाड टॉवेल टाका, आणि खोकं अठरा ते बावीस अंशांच्या अंधाऱ्या जागी ठेवा. गरम टाकीजवळ नाही, मुलांच्या खोलीत नाही, जाता-येता पाय लागेल तिथे नाही. दोन आठवड्यांनी एक बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. तळाला यीस्टचा पातळ थर दिसेल. ओतताना एकाच झोकात ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

आणि एखादी बाटली फुटलीच, तर बाकीच्यांना हात लावू नका. शक्य असेल तर खोली गार करा, गारव्याने दाब उतरतो. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचं जाड जाकीट असल्याशिवाय खोक्याचं झाकण काढू नका. एकेक बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड स्वतःपासून दूर ठेवून झाकण किंचित सैल करा आणि वायू जाऊ द्या. ती बिअर मोरीत ओता. इतक्या मेहनतीची बिअर ओतताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, तरी ओता.

संपादक महाशय, आपल्याला माझी विनंती एवढीच आहे. आपले लेख मुलं फोनवर एकमेकांना पाठवतात, आणि तो लेख त्याच वाक्यासकट फिरतो आहे. माझ्याकडेही तो दोन वेगवेगळ्या देशांतून आला. त्यामुळे हे पत्र पुरवणीत छापून भागणार नाही. मूळ लेखात ते वाक्य बदलावं आणि त्या जागी हायड्रोमीटरची दोन सारखी वाचनं, काट्यावर मोजलेली साखर, दाब सोसणाऱ्या बाटल्या आणि महाराष्ट्रातला कायदा यांचा उल्लेख करावा. लेखिकेला हवी असेल तर वेगवेगळ्या तापमानांना आणि बिअरच्या प्रकारांना किती साखर लागते याचा तक्ता मी मराठीत करून पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
डर्बी, इंग्लंड